तात्पुरत्या खणातली कानबाईची गाणी

मी एका लॅपटॉपच्या पोटातला खण बोलतोय. कॉम्प्युटरवाले मला फोल्डर म्हणतात. माझं नाव टीएमपी. बारशाला पेढे वाटावेत असं काही हे नाव नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं अर्थ मनात धरूनच ठेवलं. टीएमपी म्हणजे टेम्पररी, म्हणजे तात्पुरता. हा अर्थ कुणी वेळेवर विचारला असता, तर मला आज तोंड उघडायची वेळ आली नसती.

शहाद्याला लागूनच लोणखेडा आहे. तिथे उमाकांतच्या घरी, ओसरीतल्या लाकडी स्टुलावर आमचा लॅपटॉप असतो. उमाकांत एका सहकारी संस्थेत कामाला. संस्थेनं जुनी यंत्रं मोडीत काढली तेव्हा त्यातलं एक त्यानं घरी आणलं. त्याच्यावर आधी जे होतं ते सगळं पुसलं आणि लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या मशीनलाही चालतं करतं. त्याच दुपारी मी जन्मलो, माझ्या सगळ्या भावंडांसकट.

आमचं कुळ झाडासारखं आहे, पण उलट्या झाडासारखं. मूळ वर आणि फांद्या खाली. मुळाला नावसुद्धा नाही, नुसती एक तिरकी रेघ. त्या रेघेखाली आम्ही भावंडं ओळीनं बसलेली. माणसांच्या खोल्या ज्याच्याकडे आहेत तो होम. घरातली रीतभात सांभाळणारा ईटीसी. रोज साचत जाणारं जपणारा वार. आणि एका कोपऱ्यात एसआरव्ही. चार जणांना वाढायचं, द्यायचं-घ्यायचं, ते त्याच्याकडे ठेवावं अशी पद्धत. पण बहुतेक घरांत त्याला कुणी विचारतच नाही. बिचारा रिकामा बसून असतो, दार लावून.

माझं दार मात्र सताड उघडं. कुणीही यावं, काहीही ठेवावं. ठेवलेली वस्तू सगळ्यांना पाहता-ऐकता येते, पण दुसऱ्याला उचलता येत नाही, ज्याची त्यानंच उचलायची. इथवर ऐकलं तर वाटेल, वा, किती चांगला खण! पण माझा तिसरा नियमही आहे. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की माझ्या पोटातलं सगळं झाडून निघतं. वस्तू कुणाची, किती मोलाची, हे झाडणारा विचारत नाही. कामं करताना मशीनला जो अर्धामुर्धा पसारा लागतो, तो ठेवायलाच तर मला केलंय. माझ्या पोटातलं जातं. मला आठवण मात्र राहते, हेच माझं दुखणं.

उमाकांतनं घरातल्या प्रत्येकाला वेगळी खोली करून दिली. त्याची त्याला, बायकोची बायकोला, वहिनीची वहिनीला. ज्याचा त्याचा पासवर्ड. एकाच्या खोलीतलं दुसऱ्याला दिसत नाही.

त्याची बायको कोकिळा. हिच्या बोटांना सदा हळदीकुंकवाचा रंग. वर्षाचे निम्मे दिवस कसलं ना कसलं व्रत. चतुर्थी आहे, प्रदोष आहे, चातुर्मासात एक भाजी सोडलेली आहे. पण चेहऱ्यावर उपासाचा त्रागा कधी नाही. "देव कायी ना कायी वाट काढस," असं म्हणायचं आणि पदर खोचून कामाला लागायचं. लग्नाआधी तिनं कॉम्प्युटरचा कोर्सही केला होता. त्यामुळे घरातल्या बायकांत लॅपटॉपची जाणकार तीच.

तिची मोठी जाऊ आशा. उमाकांतचा थोरला भाऊ गेल्यापासून ती कपाळ मोकळं ठेवते. बोलणं थोडं, आवाज मात्र असा की गोठ्यातून हाक मारली तरी ओसरीत ऐकू यावी. आणि दोघींची सासू भुरीबाई. दोघी तिला मायच म्हणतात.

या भुरीबाईकडे कानबाईची गाणी होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ, मंगळसूत्र घालून देवी सजवतात, बायका रात्रभर गाणी म्हणतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. त्यासाठी निवडून, मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात. रोट भाऊबंदकीनंच, म्हणजे एका कुळातल्यांनीच, खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. या घराण्यात आणखी एक रीत होती. गाणी एकीच्याच ताब्यात. ती थकली की दुसरीच्या ओटीत घालायची. आणि एकदा घातली की देणारीनं ती पुन्हा म्हणायची नाहीत. दिलेलं दान परत घेतल्यासारखं होतं ना ते.

यंदा ज्येष्ठात भुरीबाईनं आशाची ओटी भरली. भाऊबंदकीतल्या बायका चपापल्या. लोटनची माय तर तोंडावरच बोलली, "कपाय पांढरं, आनि तिना तोंडमा देवीना गाना?"

भुरीबाईनं सुपारी कातरता कातरता उत्तर दिलं, "गाना तोंडघाई म्हनतस. कपायघाई नही."

गाणी तोंडानं म्हणतात, कपाळानं नाही, हे ऐकून बायका हसल्या. लोटनची माय हसली नाही.

ओटी भरण्याआधी आठवडाभर दुपारी भुरीबाई गात होती आणि आशा मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. आशाला निम्मी गाणी ऐकून ऐकून पाठ होती. उरलेली श्रावणापर्यंत शिकायची होती. मोबाइल भरला, तेव्हा कोकिळानं गाणी आशाच्या खोलीत, लॅपटॉपवर, उतरवून दिली. मोबाइलमधली काढून टाकली.

आता अडचण अशी झाली की गाणी आशाच्या खोलीत. आशा शेतावर गेली की खोलीला कुलूप. कोकिळाला झील धरायला शिकायचं होतं, म्हणजे आशा एक ओळ म्हणेल आणि मागे बायकांनी ती उचलायची. तिला ऐकायचं तर ऐकता येईना.

एके दिवशी दुपारी दोघी स्टुलापुढे बसल्या. मशीन आशाच्या नावानं उघडलेलं. कोकिळा म्हणाली, "ताई, दोन्हीस्ले सापडतीन अशी एखादी जागा देखूत." तिनं कानबाईचं नाव घेतलं, हात जोडले आणि वर मुळाशी जाऊन एकेका भावंडाचं दार ठोठावायला लागली. प्रत्येक दाराशी गाणी नेऊन बघायची. ईटीसीनं सांगितलं, परवानगी नाही. वार म्हणाला, परवानगी नाही. एसआरव्हीनंही तेच. तो माझा भाऊ वाईट नाही हो. त्याला उमाकांतनं सांगितल्याशिवाय दार उघडता येत नाही, एवढंच.

मग कोकिळा माझ्यापाशी आली. मी घेतलं.

कोकिळाच्या अंगावर काटा आला. "ताई, कानबाई आईनी दार उघाडं व!"

"लॅपटॉपमझार बी आई ऱ्हास का?" आशानं विचारलं.

"आई कोठे नही ऱ्हास?"

इतकी दारं बंद आणि एक उघडं, हा तिला देवीचा कौल वाटला. माझं नाव काय, त्याचा अर्थ काय, हे तिनं पाहिलं नाही. कौल मिळाल्यावर कुणी अर्थ विचारत बसतं का? तिनं आशाच्या खोलीतली सगळी गाणी बोटानं ओढून माझ्याकडे आणली. ओढून आणलं की मागे प्रत राहत नाही, वस्तू जागेवरून उठून येते. तेही तिच्या लक्षात आलं नाही. आणि मी बोलू शकत नव्हतो. बोलता आलं असतं तर ओरडलो असतो, बाई गं, मी चौकातला पार आहे, तिजोरी नव्हे.

त्यानंतरचे दिवस माझ्या जन्मातले सगळ्यात चांगले. माझ्या पोटात एरवी कसलीतरी अर्धी चिटोरी असतात. आता तिथे भुरीबाईचा आवाज होता. मध्येच तिचं खोकणं, "पानी दे व" असं म्हणणं, बांगड्यांची किणकिण. सकाळी आशा ऐकायची, दुपारी कोकिळा. काम झालं की झाकण मिटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचं. मिटलं म्हणजे मशीन झोपतं, मरत नाही. त्यामुळे माझी झाडलोट होत नव्हती. दोघींना वाटलं, जागा भक्कम आहे.

आषाढात एका सकाळी मशीननं निरोप दिला की नवी दुरुस्ती आली आहे, बंद करून पुन्हा सुरू करा. उमाकांत कामावर गेलेला. मशीन संथ चाललं होतं, कोकिळाला तुळशीला पाणी घालायला उशीर होत होता. तिनं बटन दाबलं आणि ती अंगणात गेली.

माझी झाडलोट झाली. भुरीबाईचं खोकणंसुद्धा गेलं.

संध्याकाळी आशानं लॅपटॉप उघडला. इकडेतिकडे बोट फिरवून शोधलं. मग हाक आली, पण तिच्या नेहमीच्या आवाजात नव्हे. "कोकिळा, गाना कोठे गयात व?"

कोकिळा हात पुसत आली. दोघींनी माझ्यात पाहिलं. दोन-चार चिटोरी होती, बाकी काही नाही.

आशाचा हात तोंडावर गेला. "मी काल ते लाल बटन दाबं व्हतं. गानं थांबाडाले. मन्हाघाईच व्हयनं हाई." तिनं स्वतःचा हात असा दूर धरला, जसा काही तो परक्याचा आहे. "माय म्हनी, तोंडघाई म्हनतस. पन मन्हा हातच खोटा."

"नही ताई, तसं कसं व्हई?" कोकिळा म्हणाली. तेव्हा ती खरंच मनापासून म्हणाली. तिला अजून माहीत नव्हतं.

माहीत झालं ते उमाकांत घरी आल्यावर. आशा आत स्वयंपाकाला होती. उमाकांतनं हळू आवाजात विचारलं, "कोठे ठेवेल व्हतात?"

"टीएमपीमा."

तो कपाळाला हात लावून बसला. "अवं, ती तात्पुरती जागा शे. बंद करीसन चालू करं का साफ."

"मंग ती सगळास्ले उघडी कसाले ठेवतस?"

"तात्पुरती शे म्हनीसनच."

परत मिळवायचे जे काही उपाय होते ते त्यानं करून पाहिले. हाती काही लागलं नाही. उठता उठता म्हणाला, "वहिनीले सांगी टाक. ती सोताले दोस दी ऱ्हायनी."

"सांगसू," कोकिळा म्हणाली.

पण सांगणं झालं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, आत्ता आशाताईचं मन दुखलेलं आहे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी शेजारची मंडळी बसलेली होती. मग एकादशी आली, आणि उपासाच्या दिवशी कडू कशाला बोलायचं. अशी एकेक सबब तिला सापडत गेली, आणि प्रत्येक सबब थोडी थोडी खरी होती. खोट्या सबबी टाकून तरी देता येतात.

तोवर गावात गोष्ट पसरली होती. लोटनची माय नळावर म्हणाली, गिरणीवर म्हणाली, "देवीले पटनं नही. देवीनी आपला गाना काढी लिधात." आशा नळावर जाणं टाळू लागली.

कोकिळानं जे तिला येत होतं ते केलं. तिनं व्रत धरलं. देवघरात कानबाईच्या नावानं तांदळाचे दाणे ठेवून बोलली की आशाताईची गाणी परत येईपर्यंत मीठ खाणार नाही. अळणी भाजी, अळणी भाकरी. तिला वाटलं, जीभ अशी सुनी सुनी झाली की आतली बोचणी कमी होईल. ती कमी झाली नाही. उलट, देवापुढे बसली की डोळे मिटवेनात. व्रतं तिनं आजवर खूप केली, पण देवीला पाठ करून बसावंसं वाटणारं हे पहिलंच.

आणि आशा काय समजली? ती समजली की ही आपल्यासाठी तपते आहे. ताटात लोणचं वाढायला यायची आणि हात मागे घ्यायची. "मन्हासाठे इतला जीव कसाले जाळस व?" बहिणीशी फोनवर बोलताना धाकट्या जावेबद्दल सांगायची, "देरानी नही ती, मन्ही पाठनी बहीन शे. मन्हा पापसाठे अळनं खाई ऱ्हायनी."

हे बोलणं झालं तेव्हा कोकिळा ओसरीत लॅपटॉप पुसत होती. तिचा हात माझ्यावरच थांबला. मी तिला काय देणार? रिकामा खण मी.

श्रावण लागला. नागपंचमी दोन दिवसांवर आली. दुपारी आशा एक ताट घेऊन ओसरीत आली. त्यात नारळ, चोळीचा खण, तांदूळ. भुरीबाई खाटेवर टेकून बसली होती.

"माय, मी गाना कोकिळाले देस," आशा म्हणाली. "मन्हा हाते गयात. तिना हाते टिकतीन. ती पुन्यवान शे."

भुरीबाईनं धाकट्या सुनेकडे पाहिलं.

आशा पुढे आली. "पदर पसार."

कोकिळाचे हात पदराला लागले, पण पदर पसरला गेला नाही. एवढे दिवस गप्प राहून जावेचं नाव तर गेलंच होतं. आता त्या गप्प राहण्याचं बक्षीसही ओटीत पडत होतं. नारळ अगदी समोर होता. तिनं तो मागे सारला.

"ताई, तुन्हा हाते नही गयात. मन्हा हाते गयात."

"उगा कायी बोलू नको."

"उगा नही. जागा मी निवाडी. ती जागा तात्पुरती व्हती, माले माहीत नव्हतं. मंग मशीन बंद करीसन मीच चालू करं. तुन्हा बटनघाई कायीच व्हयनं नही." श्वास घेऊन ती म्हणाली, "माले त्याच दिन समजनं व्हतं."

आशा ताट धरून उभी राहिली. मग ताट खाली ठेवलं. खाली ठेवताना नारळ घरंगळला, तो तिनं नीट बसवला.

"त्याच दिन?"

"हो."

"आनि तू अळनं खाई ऱ्हायनी व्हती. मन्हा समोर बसीसन."

कोकिळा रडायला लागली. आशानं तिला जवळ घेतलं नाही. घ्यावं असं मलाही वाटलं नाही, खरं सांगतो. थोड्या वेळानं आशा म्हणाली, "तू माले सांगं, बरं करं. पन मन्ही बदनामी माले कोनी सांगेल नव्हती, कोकिळा. गावले सांगेल व्हती. जेस्ले सांगेल शे, तेस्ले सांग." आणि गोठ्याकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रोटाचे गहू निवडायला भाऊबंदकीतल्या बायका जमल्या. ओसरीभर ताटं, सुपं. लोटनची माय खांबाला टेकून बसलेली. खडे वेचता वेचता तिनं सुरुवात केलीच. "मंग? यंदा गाना कोन म्हनी? देवीनी ते काढी लिधात."

आशा मान खाली घालून गहू निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही, कोकिळाकडे तर नाहीच.

कोकिळाच्या मांडीवर सूप होतं. तिनं ते बाजूला ठेवलं. उभी राहिली. एका हातानं खांब धरला.

"देवीनी नही काढात, काकू. मी गमाडात."

सगळ्या हातांची कामं थांबली. कोकिळानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कानबाईचं नाव घेऊन दारं कशी ठोठावली, एकच उघडलं तेव्हा कौल कसा मानला. सकाळी बटन कुणी दाबलं. त्या संध्याकाळी कुणाला काय कळलं. "आशाताईना हात बी लागना नही. तुमीन नळवर जे बोलनात ना, ते मन्हा नावघाई बोलानं व्हतं."

एक म्हातारी म्हणाली, "आवो, पन देवीनी बंद दार दखाडात ना तुले? बंद दारले बी कौल म्हनतस!"

"आनि इतला दिन तोंडमा गुळनी धरेल व्हती का?" लोटनच्या मायनं विचारलं. तिला बोलायला तर काहीतरी हवंच होतं.

"हो," कोकिळा म्हणाली.

एवढं सरळ उत्तर आल्यावर लोटनच्या मायची पंचाईत झाली. ती गव्हाकडे वळली. खाटेवरून भुरीबाई पुटपुटली, "मीठ सोडानं सोपं शे व पोरी. तोंड उघाडानं कठीन."

बायकांनी पुन्हा सुपं हातात घेतली, गहू निवडण्याचा आवाज सुरू झाला. आणि त्या आवाजावर, कुणी सांगितलं नसताना, आशानं गायला सुरुवात केली. मान तशीच खाली. देवीला पाटावर बोलावण्याचं पहिलं गाणं. दोन कडवी सुरळीत झाली. तिसऱ्यात ती अडखळली आणि भलतीच ओळ आधी घेतली.

"नही व!" भुरीबाई खाटेवर ताठ झाली. "ते मंग येस. आधी पाय धवाना, मंग नथ."

"माय, तू म्हननार नही ना?" कुणीतरी छेडलं.

"मी कोठे म्हनी ऱ्हायनू? मी चूक काढी ऱ्हायनू. चूक काढाले कोनी ना म्हनेल नही."

ओसरी हसली. लोटनची मायसुद्धा हसली. तिला दुसरं गाणं अर्धं येत होतं, ते तिनं आपणहून जोडलं. आणखी एकीनं दुसरी ओळ आणली. आशा चुकायची, म्हातारी हात उडवायची, आशा पुन्हा म्हणायची. सगळं परत आलं नाही. एका गाण्याची मधली दोन कडवी कुणालाच आठवेनात, भुरीबाईलाही नाही. ती गेली ती गेली. आणि भुरीबाईच्या स्वतःच्या आवाजातली गाणी तर कायमचीच गेली. कोकिळा मोबाइल धरून सगळं रेकॉर्ड करत होती. त्या रिकाम्या कडव्यांपाशी आली की तिचा चेहरा उतरायचा. आजही उतरतो.

आता प्रश्न होता, ही नवी गाणी ठेवायची कुठे. दुसऱ्या दिवशी नागपंचमीला उमाकांत सुटीवर होता. तो म्हणाला, "मन्ही खोलीमा ठेवा. मी तुमले वाट करी देस."

कोकिळानं मान हलवली. "एकाना खोलीमा नको. तुमनी खोली उघाडी टाकी ते तुमनं बाकीनं बी उघडं पडी. आनि उद्या तुमीन पासवर्ड बदला, का खोलीच काढी टाकी, मंग?"

"ते होमखाली एक सामायिक खोली करूत."

"होमखाली कोन ऱ्हातस?"

"मानसं."

"मंग ती देवीनी जागा नही. दुसरी सांगा. आनि नाव सांगाना आधी अर्थ सांगा."

उमाकांत हसला. मग त्यानं एसआरव्हीबद्दल सांगितलं. जे चौघांच्या वाट्याचं आहे, जे कुणा एकाच्या खोलीतलं नाही, ते ठेवायची जागा. मशीन बंद केलं तरी तिथलं कुणी झाडत नाही. कोकिळानं आशाला विचारलं, "ताई, आठे ठेवानं का?" जवळजवळ दोन दिवसांनी दोघींत झालेलं हे पहिलं बोलणं.

"कोन कोनले उघाडता यी?" आशानं विचारलं.

"रोट खातस तेस्ले," कोकिळा म्हणाली.

उमाकांतनं अगदी तसंच केलं. एसआरव्हीखाली कानबाई नावाचा खण. एक गट, त्यात घरच्या माणसांची नावं. त्या खणात कुणीही काही ठेवलं की ते त्या गटाचं होणार. दुसऱ्याचं ठेवलेलं काढून टाकता येणार नाही. गटाबाहेरच्याला दार बंद. या वेळी गाणी ओढून नेली नाहीत, त्यांची प्रत केली. आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर, देवघरातल्या डब्यात. मोबाइलमधली आशानं काढू दिली नाहीत. "ऱ्हाऊ दे. मोबाईल फुटना ते फुटू दे."

जेवताना आशानं कोकिळाच्या ताटात चिमूटभर मीठ ठेवलं. माफ केलं असं काही बोलली नाही. "खाय. अळनं खाईसन गाना येतस नही," एवढंच म्हणाली. कोकिळानं मान खाली घालून ते भाजीत कालवलं.

मी आजही तिथेच आहे, एसआरव्हीपासून दोन घरं सोडून. कुणी मला दोष देत नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. उघडं दार दाखवून मी एका भोळ्या बाईला आत घेतलं, आणि माझा नियम काय हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं. वाचकहो, तुमच्या घरीही माझे भाऊबंद असतील. माझ्याकडे जरूर या, आज हवं आणि उद्या नको असलेलं खुशाल ठेवा. पण जे तुमच्या एकट्याचं नाही, ते ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबा. दार उघडं आहे एवढ्यावर जाऊ नका. ते कशासाठी उघडं आहे, हे आधी विचारा.

रविवारी सकाळी कानबाईचा चौरंग मांडायला ओसरीतली जागा हवी होती. स्टूल हलवायचं, लॅपटॉप कपाटात ठेवायचा. नुसतं झाकण मिटून भागणार नव्हतं, चार दिवस तो तिथेच राहणार होता. कोकिळा बंद करायला बसली. बटनावर बोट नेलं आणि ते तिथेच अडकलं. गाणी कुठे आहेत ते तिला माहीत होतं, प्रती किती तेही माहीत होतं. तरी बोट खाली जाईना.

आशा आंब्याचं तोरण घेऊन आली होती. ती मागे येऊन उभी राहिली. ते अडकलेलं बोट तिनं पाहिलं. मग वाकली आणि आपला हात कोकिळाच्या हातावर ठेवला.

"दाब व. मी शे ना."

दोघींच्या बोटांनी बटन दाबलं. म्हणून त्या रात्री आशानं गाणी कशी म्हटली, झील कुणी धरली, हे मला ठाऊक नाही. त्या वेळी मी नव्हतोच.